खडा न लागलेली माती

माती तुडवणाऱ्याला कारखान्यात सगळे ‘चाळण’ म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकतीस वर्षं तो अनवाणी मातीत उभा होता. सकाळी हौदातली भिजलेली लाल माती फरशीवर काढायची, मोठ्या चटईएवढा गोल थर पसरायचा आणि कडेकडून आत, आतून पुन्हा कडेला असं फिरत फिरत तुडवायची. टाच वजन टाकते, चवडा माती पसरवतो आणि बोटं शोधतात. तांदळाच्या दाण्याएवढा खडा जरी बोटांखाली आला, तरी चाळण न वाकता तो अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायचा, पाय मागे दुमडून हातात घ्यायचा आणि कडेच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. टण्ण. दिवसाला पाऊण डबा भरायचा. चाकावर रांजण घडवणारे कारागीर त्याच्या हातची, म्हणजे पायची, माती डोळे झाकून घेत.

यंदा मात्र डबा भरेना. आधी अर्ध्यावर आला, मग पाव, मग नुसता तळ झाकण्यापुरता. चाळणला त्याचा आनंदच झाला होता. माती चांगली येतेय, दुसरं काय? कारखान्याच्या मालकीणबाईंनी नव्या खाणीचा नमुना मागवला, तेव्हा त्याने तो तास-दीड तास तुडवला आणि एकही खडा न काढता बाहेर आला.

“लोणी आहे, बाई. वर्षाची घेऊन टाका.”

बाईंनी घेतली. वडील गेल्यावर त्या कारखान्यात आल्या होत्या. त्याआधी शाळेत भूगोल शिकवत. मातीचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते, पण मातीतलं त्यांना काही कळत नाही, हे त्या स्वतःच सांगत. “चाळणदादा हो म्हणाले की मी सही करते,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, आणि चाळण आपला पाय धूत ऐकू न आल्यासारखं करायचा.

मग रांजणांचे टवके उडायला लागले. भट्टीतून रांजण निघायचे ठणठणीत. वाजवले तर घंटेसारखे वाजायचे. आठ-दहा दिवस फळीवर राहिले की पोटावरून बोटाच्या पेराएवढा टवका आपोआप सुटून खाली पडायचा. बाईंनी सरळ हिशोब मांडला. माती चाळणने पास केलेली. घडवणारे तेच. म्हणजे गडबड भट्टीत. त्या भट्टीवाल्याला रोज विचारायला लागल्या, आच कमी पडते का, दार लवकर उघडता का. भट्टीवाला मान हलवायचा. “बघतो, बाई.” हाच माणूस एरवी चहा कोमट आला तरी तासभर भांडायचा.

चाळणने त्यात लक्ष घातलं नाही. अलीकडे त्याला कशातच लक्ष घालावंसं वाटत नसे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाय दुसऱ्या कोणाचे तरी उसने आणल्यासारखे जड होत. पायरीवर बसला की अर्धा तास तिथेच.

*

रक्त खरं तर बायकोला आधी दिसायला हवं होतं, पण रंगाने घात केला. तो कामावरून आला की दारापासून मोरीपर्यंत लाल ठसे उमटत. लग्न झाल्यापासून उमटत होते, आणि लग्न झाल्यापासून ती कुरकुरत त्यावर फडकं फिरवत होती. त्या रविवारी कारखान्याला सुट्टी होती. पाय सकाळीच धुतलेले. तरी ठसे. एकच पाऊल, डावं, दर दीड हातावर.

त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. तिची नजर अशा गोष्टींवर जायचीच.

“बाबा, थांबा. आहात तिथेच थांबा.”

“काय झालं?”

“पाय वर करा. डावा.”

चवड्याच्या कडेला भाजक्या मातीची खापरी रुतली होती, करंगळीच्या नखाएवढी. भोवतीची कातडी पांढरी पडून सुटली होती. म्हणजे आजची नव्हे.

“दुखत नाही?”

“एवढ्याने काय दुखायचंय? घट्टे आहेत ते.”

“घट्टा सोडून आत गेलीये.”

स्वयंपाकघरातून बायको आली. “मी शुक्रवारपासून पुसतेय ही फरशी! मला वाटलं, मातीच. अहो, तीन दिवस तुम्ही खापरी घेऊन हिंडताय?”

“मी कुठे घेऊन हिंडतोय? ती माझ्याबरोबर हिंडतेय,” तो म्हणाला.

नऊ वर्षांपासून त्याला शुगर होती. गोळ्या होत्या. आठवण झाली की घ्यायचा. आठवण करून दिली की चिडायचा.

दवाखान्यात पायांची वेगळी खोली होती, रविवारीही उघडी, आणि तिथे एक सिस्टर फक्त पायच बघायची. तिने खापरी काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. हे सगळं होताना चाळण समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका वाचत होता. एकदाही त्याने तोंड वाकडं केलं नाही, हे सिस्टरने पाहिलं, आणि मुलीनेही.

मग सिस्टरने त्याला शाईच्या गादीवर उजवा पाय ठेवायला लावला आणि कागदावर ठसा घेतला. ठशाकडे ती जरा वेळ बघत राहिली.

“काका, आयुष्यभर अनवाणी?”

“कामावर, घरी, सगळीकडे. लग्नात घातले होते जोडे.”

“ते मीच घालायला लावले होते,” दारातून बायको म्हणाली.

“ठसा बघा ना किती सुंदर आहे. बोटं पंख्यासारखी पसरलीयेत. बूट घालणाऱ्यांची एकमेकांवर चढून बसतात. कमान मजबूत, स्नायू मजबूत. अशी पावलं माझ्याकडे वर्षातून दोन येतात.”

“मग?” चाळण मुलीकडे वळला. “ऐक. ही सारखी मागे लागलेली असते, सिस्टर. बूट घाला, बूट घाला.”

“हाडं झाली,” सिस्टर म्हणाली. “आता नसा बघू. डोळे मिटा.”

तिच्या हातात पेनासारखी दांडी होती आणि दांडीच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर केस. तो तळव्यावर टेकवला की ठरावीक दाबाला वाकतो. जास्त दाब पडूच शकत नाही. प्रत्येक पायाला दहा जागा, नऊ तळव्यावर आणि एक वर. घट्ट्यावर लावायचा नाही, घट्ट्याच्या कडेला लावायचा. तिने हे सगळं मुलीला समजावून सांगितलं, कारण मुलीने विचारलं.

“लागलं की हो म्हणा, काका.”

चाळणने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. “हो,” तो म्हणाला. मग “हो.” मग “हो.” त्याचं बरं चाललं होतं. एका लयीत येत होतं, पाऊल पडावं तसं. “हो. हो. हो.”

“डोळे उघडा.”

सिस्टरचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

“शेवटचे चार हो तुम्ही म्हणालात ना, तेव्हा मी लावलाच नव्हता.”

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच लागल्यासारखं वाटलं होतं. एकतीस वर्षं ज्या पायांनी सांगितलं, त्यांनी याही वेळी सांगितलंच असणार, हे त्याने धरून चाललं होतं.

पुन्हा तपासलं. सावकाश, मध्ये मध्ये थांबून. वीस जागांपैकी तीन लागल्या. दोन पावलांच्या वरच्या बाजूला आणि एक उजव्या कमानीत. चवडे आणि बोटं, दोन्ही पायांची, गप्प.

“शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा लांबच्या टोकापासून जायला लागतात,” सिस्टर म्हणाली. “अंगातलं सगळ्यात लांबचं टोक म्हणजे पाय. दुखत नाही, म्हणून कळत नाही. काका, अनवाणी चालणं वाईट नाहीये. ज्याला खडा टोचतो, त्याने खुशाल चालावं. तुम्हाला टोचत नाही. एवढाच फरक आहे, पण तेवढ्यात बोटं जातात. मग पाऊल.”

“म्हणजे बूट.”

“घरातसुद्धा. मऊ, रुंद, हे असे.”

“आणि माती?”

“बूट घालून तुडवा.”

“सिस्टर, बूट घालून माती तुडवायची म्हणजे हातमोजे घालून नाडी बघायची.”

“मग तुडवू नका,” ती म्हणाली. तिने ते प्रेमाने म्हटलं, पण म्हटलं.

परतताना मुलगी गोळ्यांच्या वेळा सांगत होती, बायको पथ्याचं बोलत होती. चाळणला पायाची काळजी वाटत नव्हती. तो डबा आठवत होता. नेमका कधीपासून तो कमी वाजायला लागला? थंडीच्या आधी? त्याच्याही आधी? आणि बोटांना खडे लागत नव्हते, तर मग ते खडे गेले कुठे?

*

सोमवारी तो नवे बूट घालून कारखान्यात गेला. बोळातून जाताना त्याला आपली पावलं ऐकू आली. असं कधी झालं नव्हतं.

भट्टीवाला सरपण रचत होता. त्याने वर पाहिलं. “अरे वा! नवरदेव निघाले कुठे?”

“तुझ्याकडेच आलोय.”

“मी हो म्हणायच्या आधी घरच्यांना विचारावं लागेल.” तेवढ्यात त्याला बुटातून डोकावणारी पट्टी दिसली आणि त्याचं हसू मावळलं. “लागलं?”

चाळण उत्तर देणार, तोच मालकीणबाई आल्या. त्यांच्या हातात एक लहान रांजण होता. पोटाला तीन टवके.

“हा परत आला,” त्या भट्टीवाल्याला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. शाळेत त्या कधी ओरडत नसतील, असं वाटे. “असे अकरा परत आलेत. मी रागावलेली नाही, पण मला कारखाना चालवायचाय. एक तारखेपासून भट्टीला दुसरे गृहस्थ येतील. तुम्ही त्यांच्या हाताखाली राहिलात तर मला आवडेल. नाहीतर तुम्ही बघा.”

“बरं, बाई,” भट्टीवाला म्हणाला.

बस. एवढंच. बाईंनी रांजण खाली ठेवला आणि त्या ऑफिसात गेल्या.

चाळण खाली वाकला. टवका उडालेली जागा बशीसारखी खोलगट होती आणि बशीच्या बरोबर मध्यभागी मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. त्याने तो नखाने खरवडला. नखावर पांढरी पूड आली. दुसऱ्या टवक्यातही ठिपका. तिसऱ्यातही.

चुनखडी. मातीत चुनखडीचा खडा राहून गेला की भट्टीत तो भाजून निघतो, त्याचा चुना होतो. भट्टीतून निघताना भांडं ठणठणीत असतं. मग हवेतला ओलावा शोषून तो चुना हळूहळू फुगतो आणि वरची खपली ढकलून देतो. आठ दिवस, दहा दिवस. आच कमी असो की जास्त, त्यात भट्टीचा काही संबंध नाही. हे या धंद्यात पाच वर्षं काढलेल्यालाही ठाऊक असतं. बाईंना ठाऊक नव्हतं. भट्टीवाल्याला सव्वीस वर्षं झाली होती.

“तू हे पाहिलं नाहीस?” चाळणने विचारलं.

भट्टीवाला लाकडं रचत राहिला.

“तुला विचारतोय.”

“माझी नजर आता कमी झालीये.”

चाळण उठला आणि भट्टीच्या मागे गेला. तिकडे सहसा कोणी जात नसे. तिथे राख टाकत. राखेच्या ढिगाशेजारी पोती अंथरली होती. त्याने एक पोतं पायाने सारलं. खाली फुटके रांजण होते, वीस-पंचवीस, टवक्यांचे तुकडेसुद्धा वेचून आत भरलेले. प्रत्येकावर पांढरा ठिपका. नजर कमी झालेल्या माणसाने ते एकेक निवडून झाकून ठेवले होते.

भट्टीवाला मागे येऊन उभा राहिला.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“डबा वाजेनासा झाला तेव्हापासून. मी इथे असतो ना दिवसभर. तुझ्या डब्यावर माझी वेळ चालायची. टण्ण टण्ण जास्त झालं की जेवणाची सुट्टी जवळ आली.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तुझे पाय आंधळे झाले, असं? तू नमुना तुडवून ऐटीत बाहेर आलास, लोणी आहे म्हणालास. सगळ्यांसमोर.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “वाटलं, थंडीने असेल. सावरेल.”

“आणि तुझी नोकरी?”

“मी काय, कुठेही लाकडं सारीन. आग सगळीकडे गरमच असते.” थोडं थांबून तो म्हणाला, “तू मातीतून बाहेर आलास तर काय करशील? तुला दुसरं येतं काय?”

चाळण पोत्यांशेजारी दगडावर बसला. ऊठबस करून करून माणूस थकतो तसा तो थकला नव्हता. बराच काळ एखादं ओझं धरून ठेवल्यावर हात थकतात, तसा होता. गप्प राहणं सोपं होतं. भट्टीवाला एक तारखेला नव्या माणसाच्या हाताखाली गेला असता, चाळणने बूट गेटपाशी काढून ठेवले असते, नवा माणूस चार महिने आच कमी-जास्त करत बसला असता. तोवर बोटं गेली तर गेली.

तो उठला.

“कुठे निघालास?”

“ऑफिसात.”

“अरे, चाळण. अरे, ऐक तरी.”

*

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “चाळणदादा, तुम्ही मित्राला वाचवताय. मला समजतं. पण माती तुम्ही पास केलीत. तुमच्या पायाखालून कधी खडा सुटला नाही, हे वडील सांगायचे मला.”

“तुमच्या वडिलांच्या वेळचे पाय गेले, बाई.”

“असं कसं होईल?”

“शनिवारी तुडवलेली माती बाहेर पडून आहे. कारागिरांनी अजून घेतली नाही. माझ्या हिशोबाने स्वच्छ आहे. या.”

फरशीवरचा थर ओल्या गोणपाटाखाली झाकलेला होता. चाळणने गोणपाट ओढलं. भट्टीवाला आला होता. चाकावरचे दोघे हात मातीत तसेच ठेवून बघत होते.

“आता?” बाईंनी विचारलं.

“बूट-मोजे काढा.”

“मी?”

“इथे दुसऱ्या कोणाला खात्री करून घ्यायचीय?”

बाई स्टुलावर बसल्या. मोज्यांतून निघालेली पावलं पांढरी, मऊ, जराशी सुरकुतलेली होती. आयुष्यभर बुटात राहिलेली. करंगळ्या शेजारच्या बोटांखाली दडून बसल्या होत्या. त्यांनी साडी वर खोचली आणि एक पाय मातीत ठेवला.

“ई! गार आहे.”

“चाला. टाच हलकी. चवड्यावर या.”

एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथ्याला बाई किंचाळल्या. “आई गं! काय होतं हे?” वाकून त्यांनी चिखलात हात घातला आणि पांढरट खडा बाहेर काढला. मुगाएवढा. त्या खड्याकडे बघत राहिल्या, मग पुढे गेल्या. एका फेरीत सात सापडले. दुसऱ्या फेरीत त्यांनी किंचाळणं सोडून दिलं, नुसत्याच थांबत, वाकत, काढत. प्रत्येक वेळी चाळण कडेला उभा राहून बघत होता. त्या जागा त्याच्या ओळखीच्या होत्या. शनिवारी तो तिथून शंभरदा गेला होता.

अठरा झाल्यावर बाई थांबल्या.

“वर्षाची माती मागे पडून आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ती तुम्ही घ्यायला सांगितलीत.”

“हो, बाई.”

“आणि हे का गप्प बसले?” त्यांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं.

“मी काय सांगणार, बाई? पाय त्याचे,” भट्टीवाला म्हणाला.

बाईंना राग आला होता. तो चेहऱ्यावर चढताना दिसला आणि उतरताना दिसला, कारण पायाखाली अजून चिखल होता आणि चिखलात उभं राहून रागावणं जमत नाही. त्या हिशोबाला लागल्या. सगळी माती पाण्यात पातळ करून जाळीतून गाळावी लागेल. दोन महिने जातील. एक तारखेच्या माणसाला नको म्हणून कळवायचं. भट्टीवाल्याकडे वळून त्या “माफ करा” म्हणाल्या, आणि त्याने “त्यात काय” म्हणत लाकडांकडे काढता पाय घेतला.

“तुमचं काय करायचं?” त्यांनी चाळणला विचारलं.

“माहीत नाही.”

“जाळीतून गाळलेली मातीसुद्धा तुडवावी लागतेच ना? कोणाला तरी शिकवावं लागेल.” त्या घोट्यापर्यंत लाल झाल्या होत्या. चाकावरचे दोघे मातीची वाट बघत होते. त्यांना आज कामाला काहीतरी द्यायला हवंच होतं. “ही तरी पुरी करू. मी चालते, तुम्ही सांगा.”

चाळण स्टुलावर बसला. बुटातले पाय त्याने समोर पसरले, ते दोन सामानाच्या पिशव्यांसारखे पडून राहिले.

“कडेने घ्या. आत नका वळू एवढ्यात. टाच नको, बाई, चवडा.”

“असं?”

“जरा हळू. बोटं मोकळी सोडा.”

त्यांनी बोटं मोकळी सोडायचा प्रयत्न केला. ती त्यांना कधी वापरावीच लागली नव्हती. अर्धी फेरी झाली. मग त्या एका पायावर थांबल्या, भुवया आवळून.

“चाळणदादा, हा खडा आहे, की माझ्याच पायाचं हाड?”

तो पुढे वाकला. पूर्वी कोणी असं विचारलं तर तो आपला अंगठा त्या जागी टेकवायचा आणि सांगून टाकायचा. त्याने त्या पांढऱ्या पावलाकडे पाहिलं, त्याखालच्या मातीकडे पाहिलं.

“काढून बघा,” तो म्हणाला. “मला सांगता यायचं नाही.”